मोरारजी, मतदार आणि पस्तावा

नवे सरकार येऊन वर्ष झाले की वर्तमानपत्रांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्यांनी मत दिले त्यांना आता पस्तावा होतो आहे का, हा तो प्रश्न. चौकात, बसथांब्यावर, भाजी मंडईत माणसांना गाठून विचारले जाते, टक्केवारी काढली जाते आणि दोन्ही बाजूंना हवे ते उत्तर मिळते. हयात बँकेत गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला या वर्षाच्या हिशेबाचे फारसे अप्रूप वाटत नाही. ३१ मार्चचा ताळेबंद जुळवताना काय काय करावे लागते हे आम्ही जवळून पाहिलेले असते.

तरीही एकदा या देशात हा प्रश्न गमतीचा राहिला नव्हता. १९७७ च्या मार्चमध्ये लोकांनी तीस वर्षांची राजवट मतपेटीतून खाली खेचली आणि वर्ष-सव्वा वर्षातच, आपण हे काय करून बसलो, अशी कुजबुज सुरू झाली. तो पस्तावा खरा होता काय, आणि असला तर नेमका कशाचा होता, हे मला पुष्कळ वर्षे छळत आले आहे. त्या वर्षाच्या मध्यभागी जो माणूस ताठ पाठीने बसला होता त्याचे चरित्र पाहिल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही. तो माणूस म्हणजे मोरारजी रणछोडजी देसाई.

मराठी वाचकापुढे हे नाव घेताना जरा जपून राहावे लागते. माझा जन्म १९५७ चा, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेच्या वर्षातला. आमच्या आळीत एक बैल होता, गाडीला जुंपला की मध्येच बसकण मारायचा आणि मग काही केल्या उठायचा नाही. त्याला सगळे मोरारजी म्हणत. मोरारजी नावाचा खरा माणूस असतो आणि तो दिल्लीत अर्थमंत्री आहे, हे मला शाळेत गेल्यावर कळले.

तर हा खरा माणूस २९ फेब्रुवारी १८९६ रोजी वलसाडजवळच्या भदेली गावात जन्मला. चार वर्षांतून एकदा येणारा वाढदिवस, त्यातही १९०० साल लीप वर्ष नव्हते. म्हणजे शंभरीला टेकलेल्या या माणसाच्या वाट्याला जेमतेम तेवीस वाढदिवस आले. घर अनाविल ब्राह्मणाचे. वडील शाळामास्तर. मनाने खचलेल्या या वडिलांनी १९११ साली, मुलाच्या लग्नाच्या तोंडावर, विहिरीत जीव दिला. मोरारजी तेव्हा पंधरा वर्षांचे. त्यानंतर थोड्याच दिवसांत लग्नही लागले. घरात आजी, आई, धाकटी भावंडे, नवी नवरी, आणि कर्ता पुरुष म्हणजे हा पोरगा. पुढे त्यांच्या अंगच्या कठोरपणाबद्दल, कोरडेपणाबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिले. कादंबरीकाराच्या सवयीने मला मात्र त्या विहिरीपाशीच थांबावेसे वाटते. ज्या पोराने त्या आठवड्यात रडायचे ठेवून मांडवात उभे राहायचे ठरवले, तो पुढे कोणाच्या दबावाखाली वाकेल ही अपेक्षाच चुकीची होती. वाकण्याची मुभा त्याला वेळेवर मिळालीच नाही.

मुंबईच्या विल्सन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि १९१८ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरून डेप्युटी कलेक्टर झाले. बारा वर्षे त्यांनी इंग्रजांची चाकरी केली. गोध्र्याच्या दंगलीनंतर त्यांच्यावर पक्षपाताचा ठपका आला, तो त्यांनी कधीच मान्य केला नाही. १९३० साली राजीनामा देऊन ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. या बारा वर्षांकडे चरित्रकार घाईने पाहतात. मला ती महत्त्वाची वाटतात, कारण मोरारजी शेवटपर्यंत मनाने डेप्युटी कलेक्टरच राहिले. फाईल वाचायची, नियम बघायचा, निर्णय द्यायचा आणि अपिलाला वाव ठेवायचा नाही. अशा अधिकाऱ्याला अर्जदार ठाऊक असतो, मतदार ठाऊक नसतो.

मतदाराने आपली ओळख करून दिली ती १९५२ साली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात १९३७ साली महसूलमंत्री आणि १९४६ पासून गृहमंत्री म्हणून मोरारजींचा दबदबा बसला होता. मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी त्यांनीच आणली. आता ते मुख्यमंत्री होणार हे ठरल्यासारखेच होते. आणि पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या घरच्या वलसाड-चिखली मतदारसंघात ते समाजवादी उमेदवाराकडून हरले. किती मतांनी? एकोणीस! एका वाडीतली दोन घरे रुसली असती तरी तेवढी मते फिरली असती. तरी पक्षाने त्यांनाच नेता निवडले, ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीने विधानसभेत आले. घटनेप्रमाणे यात काही वावगे नव्हते. पण मतदाराने एक सांगावे आणि बंद खोलीतल्या चार जाणत्यांनी दुसरेच ठरवावे, हा प्रकार त्यांच्या आयुष्यात पुन्हा येणार होता.

पुढचा भाग महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला झालेला गोळीबार, पंधरा मृत्यू. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा आणि त्यानंतरच्या आठवड्यातला गिरणगाव, गिरगाव, लालबागचा रक्तपात. ज्यांना आपण १०५ हुतात्मे म्हणून ओळखतो त्यातले बहुतेक त्या दिवसांतले. मुख्यमंत्री आणि पोलिसांचे धनी मोरारजी होते, आणि त्यांनी त्या गोळीबाराबद्दल नंतरही कधी खेद दाखवला नाही. मराठी माणसाने त्यांना क्षमा केली नाही हे योग्यच झाले असे मी मानतो. एवढे मात्र सांगितले पाहिजे की द्विभाषिक राज्याचा निर्णय झाल्यावर ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेतही गोळ्या चालल्या, आणि गुजराती लोकांनी आपल्याच या नेत्याच्या सभेकडे पाठ फिरवून, रस्ते ओस टाकून त्याला उत्तर दिले. मोरारजी तेव्हा उपोषणाला बसले होते. दोन्हीकडच्या जनतेचा रोष एकाच वेळी ओढवून घेणारा दुसरा नेता मला आठवत नाही. नोव्हेंबरमध्ये राज्याची सूत्रे यशवंतराव चव्हाणांकडे गेली आणि मोरारजी दिल्लीला गेले.

दिल्लीत त्यांनी अर्थमंत्री म्हणून एकूण दहा अंदाजपत्रके मांडली. त्यातले काय लोकांच्या लक्षात राहिले? सुवर्णनियंत्रण. जानेवारी १९६३ मध्ये चीन युद्धाच्या पार्श्वभूमीवर चौदा कॅरेटचा नियम आला आणि गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या. परकीय चलन वाचवण्याचा हेतू चांगला होता, तस्करी थांबवण्याचाही होता. पण मंगळसूत्र कशाचे करायचे हे दिल्लीतल्या फाईलवर ठरत नसते, हे त्या डेप्युटी कलेक्टरला कोणी सांगितले नाही, किंवा सांगितले असेल तर त्याने ऐकले नाही.

पंतप्रधानपदाने त्यांना दोनदा हुलकावणी दिली. १९६४ साली शास्त्रीजींच्या वेळी, आणि १९६६ साली इंदिरा गांधींविरुद्ध मतदानात, ३५५ विरुद्ध १६९. मग १९६७ साली ते उपपंतप्रधान झाले. १६ जुलै १९६९ ला त्यांचे अर्थखाते काढून घेण्यात आले, त्यांनी मंत्रिमंडळ सोडले आणि तीनच दिवसांत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. मोरारजींना बँकांवर सामाजिक नियंत्रण हवे होते, मालकी नको होती. पुढे ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत मी चिकटलो, तिची आमच्या तालुक्यातली शाखा त्या निर्णयानंतरच्या धडाक्यात उघडलेली. म्हणजे माझी भाकरी मोरारजींना बाजूला सारून भाजलेली आहे. वाचकांनी माझ्या मतांचे वजन करताना हेही ताजव्यात टाकावे.

आता गाडी जरा भरभर हाकतो. १९७४ साली गुजरातेत नवनिर्माण आंदोलन पेटले, मोरारजी उपोषणाला बसले आणि विधानसभा बरखास्त झाली. एप्रिल १९७५ मध्ये ते पुन्हा बसले, आता तिथे निवडणूक घ्यावी म्हणून. वय एकोणऐंशी. निवडणूक झाली आणि जून १९७५ मध्ये गुजरातचा निकाल नि अलाहाबाद न्यायालयाचा निकाल बरोबरच आले. पंधरवड्यात आणीबाणी लागली. २६ जूनच्या पहाटे त्यांना उचलले, आणि त्यानंतरचे जवळजवळ एकोणीस महिने त्यांनी हरियाणात बहुतेक एकांतात काढले. १८ जानेवारी १९७७ ला सुटका झाली तेव्हा ते जसे आत गेले होते तसेच बाहेर आले. खादी कडक, पाठ ताठ, सूतकताई नियमित.

मार्चच्या निवडणुकीत मला मत नव्हते. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते, आणि मी विशीत. पण आमच्या घरातली मते मला माहीत आहेत. माझे एक मामा दौंडला रेल्वेत होते. मे १९७४ च्या संपात त्यांची नोकरी गेली होती. तीन वर्षे त्यांनी किराणा दुकानात हिशेब लिहून घर चालवले. त्यांनी आणि वडिलांनी, चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारला. महाराष्ट्रात जनता पक्षाची धुरा तेव्हा एस. एम. जोशींकडे होती. वीस वर्षांपूर्वी मोरारजींच्या विरोधात समिती उभी करणारे हेच एसेम आता त्याच पक्षासाठी मते मागत होते ज्यात मोरारजी पहिल्या रांगेत होते. गंमत वाटते, पण त्या मार्चमध्ये कोणाला ती गंमत वाटली नाही. लोक आणीबाणीविरुद्ध मत देत होते, मोरारजींना देत नव्हते. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २० मिळाल्या, जनता पक्षाला १९, बाकीच्या शेकाप, मार्क्सवादी आणि रिपब्लिकनांना. मुंबईत तर काँग्रेसला एकही जागा राहिली नाही. उत्तर प्रदेशात ८५ पैकी ८५ जागा जनता पक्षाच्या. रायबरेलीत खुद्द इंदिराजी ५५ हजारांवर मतांनी पडल्या.

आणि मग पुन्हा ती बंद खोली. मोरारजी, जगजीवनराम, चरणसिंग असे तीन दावेदार. मतदान घ्यायचे टाळून निवडीचा अधिकार जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी या दोन वृद्धांकडे सोपवण्यात आला. चरणसिंगांनी इस्पितळातून मोरारजींच्या बाजूने पत्र पाठवले, कारण त्यांना जगजीवनराम नको होते. २४ मार्च १९७७ ला एक्याऐंशी वर्षांच्या मोरारजींनी शपथ घेतली. आमच्या मामांनी, फ्लोरा फाउंटनच्या आठवणी असलेल्या त्या माणसाने, आकाशवाणीवर ती बातमी ऐकली आणि ते उठून अंगणात गेले, एवढे मला आठवते.

पस्ताव्याचा पहिला क्षण शोधायचा तर तो इथेच सापडेल. सरकारने काही करण्याआधीच.

पण सरकारने काम केले, आणि पहिल्या वर्षात बरेच केले. हे आज विसरले गेले आहे म्हणून मुद्दाम सांगतो. १९७१ पासून चालत आलेली बाह्य आणीबाणी आठवड्याच्या आत उठवली. वर्तमानपत्रांच्या गळ्यातला फास काढला. सक्तीच्या नसबंदीने बदनाम झालेल्या खात्याचे नाव कुटुंब कल्याण झाले आणि सक्ती गेली. गहू-तांदळाच्या वाहतुकीवरची बंधने उठली, पीक चांगले आले, आणि त्या वर्षी महागाईने फारसे डोके वर काढले नाही. परराष्ट्र खाते अटलबिहारी वाजपेयींकडे होते, त्यांनी शेजाऱ्यांशी संबंध सुधारले. कोका-कोला गेले आणि त्याजागी सरकारी डबल सेव्हन आले. ते मी एकदाच प्यालो. आणि रेल्वेत मधू दंडवते होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घालण्याचे काम त्यांनी सुरू केले. १९७४ च्या संपात काढलेल्यांना त्यांनी परत घेतले. आमचे मामा तीन वर्षांनी पुन्हा निळा डगला घालून ड्यूटीवर गेले त्या दिवशी मामींनी गल्लीत पेढे वाटले.

१६ जानेवारी १९७८ चे मी स्वतः पाहिले आहे. त्या दिवशी वटहुकूम निघाला आणि हजार, पाच हजार, दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. मी बँकेत कारकून म्हणून लागून थोडेच महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी व्यवहार बंद, मग तीन दिवसांच्या मुदतीत नोटा द्यायच्या आणि त्या कुठून आल्या ते फॉर्मवर लिहून द्यायचे. आमच्या शाखेत कितीजण आले असतील? तीन. त्यातला एक अडत्या अकरा नोटा घेऊन आला आणि फॉर्म वाचून सात परत खिशात घालून गेला. बाकी गावाने हजाराची नोट कधी पाहिलीच नव्हती. ती पाहायला मिळावी म्हणून दोन-चार म्हातारे काउंटरशी येऊन उभे राहिले होते. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर आय. जी. पटेल यांना या उपायाच्या उपयोगाबद्दल शंका होती. काळा पैसा नोटांच्या गठ्ठ्यात फार काळ बसत नाही, हे बँकेतला शिपाईसुद्धा सांगेल. तरी गोरगरिबांना त्या निर्णयाचा काडीचा त्रास झाला नाही आणि मोठ्यांची झोप उडाली याचे समाधान मात्र झाले.

मग बिघडले कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी, आणि त्यातली दोन मोरारजींच्या स्वभावातून आलेली.

पहिले ठिकाण बिहारमधले बेलछी. मे १९७७ च्या अखेरीस तिथे दलितांना जिवंत जाळले. नव्या सरकारचा एकही मोठा मंत्री तिकडे वेळेवर फिरकला नाही. ऑगस्टमध्ये भर पावसात, चिखलातून, शेवटी हत्तीवर बसून तिथे पोहोचल्या त्या पाच महिन्यांपूर्वी पडलेल्या इंदिरा गांधी. फाईलवर बेलछी हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय होता, आणि तो राज्याच्या अखत्यारीत होता. डेप्युटी कलेक्टरच्या दृष्टीने बरोबरच. पण मत देणारा माणूस वर्षभर एवढेच बघत असतो की आपल्या दारात कोण आले.

दुसरे ठिकाण सूड आणि न्याय यांच्या सीमेवरचे. शहा आयोग नेमला ते योग्यच केले. त्याच्यापुढे आलेल्या साक्षींनी देश हादरला. पण आयोगाचे काम चालू असतानाच ३ ऑक्टोबर १९७७ ला गृहमंत्री चरणसिंगांच्या खात्याने इंदिराजींना अटक केली, आणि दुसऱ्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्याने पुराव्याअभावी सोडून दिले. एका रात्रीत आरोपी बाई पीडित बाई झाली. मोरारजी अशा अटकेला फारसे अनुकूल नव्हते. तरी पंतप्रधान म्हणून जबाबदारी त्यांचीच.

तिसरे म्हणजे स्वतः मोरारजी. चार वर्षांत देशभर दारूबंदी, शिवांबूचे माहात्म्य, फलाहार, ब्रह्मचर्य. जगभरच्या वार्ताहरांना एवढे खाद्य पुरेसे होते. मुलावर, कांती देसाईंवर, आरोप झाले तेव्हा त्यांनी ते धुडकावून लावले. सहकाऱ्यांशी बोलताना ते वरिष्ठ अधिकाऱ्यासारखे बोलत. पाच घटकपक्षांचे कडबोळे, त्यात प्रत्येकाचा सवतासुभा, आणि वर हा कारभारी. मन राखणे नावाची गोष्ट त्यांना लाचारीसारखी वाटत असावी.

आता वर्षाच्या हिशेबाकडे येऊ. फेब्रुवारी १९७८ मध्ये, सरकारला अकरा महिने होत असताना, काही राज्यांत विधानसभा निवडणुका झाल्या. जानेवारीतच फुटून वेगळ्या झालेल्या इंदिरा काँग्रेसने आंध्रात २९४ पैकी १७५ आणि कर्नाटकात २२४ पैकी १४९ जागा घेतल्या. दिल्लीच्या वर्तमानपत्रांनी तेव्हा मतदार पस्तावल्याचा निष्कर्ष काढला. मला हा हिशेब कधीच पटला नाही. १९७७ साली आंध्रातल्या ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकातल्या २८ पैकी २६ जागा काँग्रेसलाच मिळाल्या होत्या. ज्याने कर्जच उचलले नाही त्याची थकबाकी कशी दाखवणार? दक्षिणेने जनता पक्षाला मत दिलेच नव्हते, तर ती पस्तावणार कशाने?

खरी परीक्षा ज्यांनी मत दिले त्यांची. महाराष्ट्रात त्याच वेळी निवडणूक झाली. २८८ पैकी ९९ जागा मिळवून जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला. एक काँग्रेस ६९ वर, दुसरी ६२ वर. वर्षापूर्वी जेवढा कौल होता तो फारसा ढळला नव्हता. ज्या महाराष्ट्राला मोरारजी डोळ्यांसमोर नको होते, त्यानेच अकरा महिन्यांनी पुन्हा त्यांच्या पक्षाला पहिला नंबर दिला. सत्ता मिळाली नाही ही गोष्ट वेगळी. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा मुख्यमंत्री झाले आणि जुलैत शरद पवारांनी ते सरकार पाडले.

उत्तरेत मात्र सुरुंग लागला होता. एप्रिल १९७८ मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठात संपावरच्या मजुरांवर गोळीबार झाला. गोळीबाराचे सरकार घालवण्यासाठी ज्यांनी मत दिले, त्यांना नव्या सरकारची गोळी ओळखीची वाटली असणार. मे महिन्यात आझमगडला लोकसभेची पोटनिवडणूक झाली. ज्या प्रदेशात जनता पक्षाने एकही जागा सोडली नव्हती, तिथे, मुख्यमंत्री रामनरेश यादवांनी रिकाम्या केलेल्या जागी, इंदिरा काँग्रेसच्या मोहसिना किडवई निवडून आल्या. सरकारला चौदा महिने झाले होते. ज्यांनी दिले त्यांनीच काढून घेतले असे म्हणता येईल असा हा पहिला निकाल. नोव्हेंबरमधल्या चिकमंगळूरच्या निकालाचा गाजावाजा जास्त झाला, कारण तिथून खुद्द इंदिराजी लोकसभेत परतल्या. पण माझ्या खतावणीत आझमगडची नोंद मोठ्या अक्षरांत आहे.

म्हणून पहिल्या वर्षाचा माझा निष्कर्ष असा की लोक नाराज होते, काही ठिकाणी चिडलेले होते, पण मार्च १९७७ मध्ये केले ते चुकले असे बहुतेकांना वाटत नव्हते. बँकेत खाते थकीत ठरवायला एक हप्ता चुकून चालत नाही. माणूस भेटीगाठी टाळू लागला, पत्रांना उत्तर देईनासा झाला, की आम्ही समजायचो. जनता सरकार मतदाराच्या भेटी टाळू लागले ते दुसऱ्या वर्षी. जून १९७८ अखेर चरणसिंग आणि राजनारायण मंत्रिमंडळातून बाहेर पडले, जानेवारी १९७९ मध्ये चरणसिंग उपपंतप्रधान होऊन परत आत आले. डिसेंबर १९७८ मध्ये इंदिराजींचे सदस्यत्व रद्द करून त्यांना तिहारला पाठवण्याचा पराक्रम झाला. कोण कोणाला कधी काढणार, एवढीच दिल्लीची बातमी उरली. त्यातच १९७९ चा दुष्काळ. आदल्या वर्षी सुमारे तेरा कोटी टन झालेले धान्य अकरा कोटींवर घसरले आणि भाववाढ सतरा टक्क्यांच्या आसपास गेली.

जुलै १९७९ मध्ये अविश्वासाचा ठराव आला. तो मांडणारे होते यशवंतराव चव्हाण, १९५६ साली मोरारजींच्या जागी आलेले. ठरावावर मत पडण्याआधीच खासदार जथ्याने पक्ष सोडून गेले आणि १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. इथे त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत खटकणारा प्रसंग येतो. पंतप्रधानपद सोडले तरी पक्षाचे नेतेपद त्यांनी लगेच सोडले नाही. जगजीवनरामांना वाट दिली असती तर कदाचित पक्षाचा बराच भाग टिकला असता आणि या देशाला दलित पंतप्रधान मिळाला असता. मोरारजी अडून बसले, राष्ट्रपतींकडे खासदारांच्या याद्या दिल्या, त्या याद्यांत चरणसिंग पुढे ठरले, आणि मोरारजी बाजूला झाले तेव्हा वेळ निघून गेली होती. चरणसिंगांनी लोकसभेला तोंड न दाखवताच २० ऑगस्टला राजीनामा दिला. जगजीवनरामांना न बोलावताच सभागृह बरखास्त झाले. आमच्या आळीतला बैल मला त्या उन्हाळ्यानंतर बऱ्याच दिवसांनी आठवला.

जानेवारी १९८० मध्ये मी पहिल्यांदा लोकसभेसाठी मत दिले. कांद्याच्या भावाच्या घोषणा भिंतीभिंतींवर होत्या. निकाल सर्वांना ठाऊक आहे. इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा, जनता पक्षाला ३१, चरणसिंगांच्या गटाला ४१. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ इंदिराजींच्या. जागांपेक्षा मला मतांचे आकडे बोलके वाटतात. १९७७ साली जनता पक्षाला सुमारे ४१ टक्के मते होती. १९८० साली त्याच्या दोन तुकड्यांची बेरीज २८ टक्क्यांच्या थोडी वर भरते. म्हणजे तेरा टक्के निसटले. काँग्रेस ३४ वरून ४२ वर गेली, म्हणजे आठ टक्के वाढली. आणि मतदान साठ टक्क्यांवरून सत्तावन्नवर आले. शंभरातले तीन-चार जण घरीच बसले. पस्तावा असलाच तर तो या घरी बसलेल्यांकडे शोधावा असे मला वाटते. जे उठून दुसरीकडे शिक्का मारून आले ते रागावलेले होते, आणि रागावलेला माणूस अजून हिशेबात असतो.

आमचे मामा १९८० साली मतदानाला गेले होते की नाही हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मामींना विचारले तर त्या स्वयंपाकघरात जात. नोकरी परत मिळाली ती याच सरकारने दिली, हे ते कोणाही पाहुण्याला न विसरता सांगत. मोरारजींचे नाव मात्र त्यांनी तोंडून काढले नाही. बोटावरची शाई बघायला मी त्या रविवारी दौंडला नव्हतो.

मोरारजींनी १९८० ची निवडणूक लढवली नाही. राहायला ते मुंबईत, मरीन ड्राइव्हवरच्या ओशियाना इमारतीत आले. ज्या शहरासाठी इतके रक्त सांडले त्याच शहरात त्यांनी म्हातारपणाची पंधरा वर्षे काढली. सूत काढणे, गीता, फळे, दूध, सकाळी ठरल्या वेळी उठणे. १९९० साली पाकिस्तानने आपला सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना दिला आणि १९९१ साली भारतरत्न मिळाले. १९७७ च्या निकालाबद्दल वा त्यानंतरच्या सव्वादोन वर्षांबद्दल त्यांनी स्वतःकडे कधी दोष घेतला नाही. आत्मचरित्राचे तीन खंड वाचून ठेवताना माझा हात प्रत्येक वेळी पहिल्या खंडावर रेंगाळतो, वडिलांच्या मृत्यूच्या त्या पानांपाशी.

१० एप्रिल १९९५ ला मुंबईतच ते गेले. शंभरावे वर्ष चालू होते. महाराष्ट्रात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचे सरकार येऊन महिनाही झाला नव्हता. त्या सेनेने फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावर माहीमला मोरारजींची गाडी अडवण्याचा प्रयत्न केला होता आणि मुंबई अनेक दिवस पेटली होती. त्यांच्यावर अंत्यसंस्कार मुंबईत झाले नाहीत. पार्थिव अहमदाबादला नेले आणि साबरमतीच्या काठी अग्नी दिला. त्या जागेला अभयघाट म्हणतात.